आधी खुर्च्या मोजा, मग बोला

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी मुंबईभर मृत्युपत्रावर बोलत फिरतो. शुभ बोल रे नाऱ्या म्हटलं तर मांडवाला आग लागली, या थाटाचा विषय. तरीही ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायट्या, महिला मंडळं बोलावतात. त्याआधी बरीच वर्षं मी आमच्या उपनगरातल्या एका व्याख्यानमालेचा साधा कार्यकर्ता होतो. सतरंज्या झटकणं, तांब्या-भांडं ठेवणं, माईकची वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून राखण करणं ही माझी कामं. विंगेत उभा असल्यामुळे वक्त्याची पाठ दिसायची आणि श्रोत्यांचे चेहरे. शंभरेक भाषणं मी अशी चेहऱ्यांवरून ऐकली. तेव्हा लक्षात आलेली गोष्ट आजही लागू पडते: वक्ता तोंड उघडेपर्यंत लोकांनी त्याच्याबद्दल निम्मं मत बनवलेलं असतं, आणि ते मत बनायच्या वेळी तो बहुधा समितीच्या खोलीत चहा पीत असतो.

म्हणून हा लेख भाषण कसं लिहावं यावर नाही. समोर बसलेल्यांशी जमवायचं कसं, ते मी ज्या क्रमाने करतो त्या क्रमाने सांगतो.

फोनवरच अर्धं काम

सुरुवातीला मी फक्त तारीख, वार आणि वेळ विचारायचो. परळच्या एका चाळीत गणेशोत्सवात बोलावलं होतं. साडेसातला उभा राहिलो तर समोर चाळीसेक पोरं, सगळी वेशभूषा स्पर्धेच्या कपड्यांत. एक शिवाजी महाराज, तीन झाशीच्या राण्या, एक टोमॅटो. माझ्यानंतर लगेच त्यांची स्पर्धा होती आणि आया मागे सेफ्टी पिना लावण्यात गुंतल्या होत्या. मी 'वारसाहक्क' हा शब्द उच्चारला आणि टोमॅटोने भोकाड पसरलं. पंधरा मिनिटं रेटलं आणि खाली उतरलो. कार्यकर्त्यांचा काही दोष नव्हता, मी विचारलंच नव्हतं.

आता फोनवर विचारतो: साधारण किती जण येतात आणि कोणत्या वयाचे? माझ्या आधी काय आहे, नंतर काय आहे? खुर्च्या की सतरंजी? हॉल कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का? रविवार असेल तर त्या दिवशीचा मेगाब्लॉक बघून वेळ ठरवा, असंही सुचवतो. मध्य रेल्वेवर ब्लॉक असेल तर डोंबिवलीचा माणूस दादरला वेळेवर पोचत नाही. उशिरा आलेला श्रोता ओशाळून मागच्या मागे बसतो आणि शेवटपर्यंत मागेच राहतो.

पण सगळ्यात मोलाचा प्रश्न शेवटचा: हाच विषय का निवडलात? एका संघाच्या सचिवबाई यावर थोडा वेळ गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमचे एक सभासद गेले दोन महिन्यांपूर्वी. फ्लॅटवरून दोन भावांचं बिनसलंय. दोघंही येतात आमच्याकडे." माझं ठरलेलं उदाहरण दोन भावांच्या भांडणाचंच होतं. ते मी काढून टाकलं आणि जागेवर विधवा मावशी आणि भाच्याचं घातलं. हे त्या हॉलमध्ये कुणाला कळलं नाही, आणि कळायलाही नको होतं.

चाळीस मिनिटं आधी

आयोजक म्हणतात, "ऐंशी जण येतील." त्यांना पन्नासच खुर्च्या मांडायला सांगा आणि तीस भिंतीशी चळत लावून ठेवा. पन्नास खुर्च्यांवर पंचेचाळीस माणसं बसली की हॉल भरलेला वाटतो. लोक एकमेकांच्या खांद्याजवळ असतात, एक हसला की दुसरा हसतो. तीच पंचेचाळीस माणसं ऐंशी खुर्च्यांत विखुरली की प्रत्येक जण एकटा पडतो. जास्त आले तर खुर्च्या आत आणाव्या लागतात, त्या खडखडाटानेही सभेला चढ येतो. "अजून लागताहेत हो!" हे वाक्य कानावर पडणं वक्त्याला कुठल्याही हारापेक्षा गोड.

मुंबईचा माणूस दाराजवळ बसतो. पंखा आणि पळवाट या दोन गोष्टी तो आधी बघतो. म्हणून मागच्या दोन रांगांना सुतळी बांधून ठेवायची आणि पुढचं भरल्यावर सोडायची. "कृपया पुढे या" असं माईकवरून विनवून कुणीही पुढे आलेलं मी पाहिलेलं नाही. आणखी एक अडथळा म्हणजे पहिल्या रांगेतला 'मान्यवरांसाठी' ठेवलेला सोफा. मान्यवर एक तर येत नाहीत, नाही तर सत्कार झाल्यावर निघून जातात. मग वक्ता आणि श्रोते यांच्यामध्ये रिकाम्या सोफ्याचा खंदक उरतो. जमलं तर तो बाजूला सरकवायचा. टेबल, त्यावरचं झालरीचं कापड आणि पुष्पगुच्छ हा दुसरा खंदक. मी बोलताना टेबलाच्या पुढे येतो. व्यासपीठ अगदी बुटकं असेल तर खालीच उतरतो.

नंतर स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसायचं. माझ्या डोक्यामागे येणारी ट्यूबलाइट लोकांच्या डोळ्यांवर मारते का? पंख्याची घरघर किती? शेजारी बटाटेवडे तळले जाताहेत का? (तळले जात असतील तर तुमच्याकडे पस्तीस मिनिटं आहेत, कार्यक्रमपत्रिकेत काहीही छापलेलं असो.) जुलैत पत्र्याच्या छपराखाली कार्यक्रम असेल तर सर आल्यावर आवाज चढवून उपयोग नसतो. थांबायचं, सगळ्यांबरोबर वर बघायचं, सर ओसरली की पुढे.

या वेळेतलं खरं काम मात्र लवकर आलेल्यांशी बोलण्याचं. विक्रोळीला एका गुरुवारी एक आजी साडेपाचपासून येऊन बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, शेजारच्या खुर्चीवर मैत्रिणीसाठी टाकलेला हातरुमाल. मी तिसऱ्या खुर्चीवर बसलो. त्यांना वाटलं मीही ऐकायलाच आलोय. म्हणाल्या, "मृत्युपत्र केलं की माणूस लवकर जातो म्हणतात. खरं का हो?" मी म्हटलं, "मी करून सात वर्षं झाली." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, तुम्हीच का ते?" त्या दिवशीची माझी सुरुवात तिथेच मिळाली. त्यांना विचारलं, नाव न घेता हा प्रश्न सगळ्यांना सांगू का? "सांगा की," म्हणाल्या. हे विचारणं विसरू नका. खाजगीत बोललेलं माईकवरून ऐकू आलं की माणूस पुन्हा तोंड उघडत नाही, आणि शेजारचाही सावध होतो.

माईक

माईक तोंडापासून चार बोटांवर धरा. जाळीवर मूठ आवळू नका, त्याने शिट्टी वाढते. शिट्टी येते ती स्पीकरमधला आवाज परत माईकमध्ये शिरून तसाच फिरत राहिल्यामुळे. म्हणून स्पीकर तुमच्या पुढे असावेत आणि चालता चालता तुम्ही त्यांच्यासमोर जाऊ नये. फुंकर मारणं, टकटक करणं, "हॅलो हॅलो" हे सगळं लोक यायच्या आधी उरकून घ्या. आणि माईकवाल्या मुलाचं नाव विचारून ठेवा. अडचणीच्या वेळी "अरे, तो माईकवाला कुठे गेला?" म्हणण्यापेक्षा नावाने हाक मारली तर काम लवकर होतं आणि हॉललाही तुम्ही कसे आहात ते कळतं.

माईकशिवाय भागतंय असं वाटलं तरी माईक घ्याच. ज्येष्ठांच्या सभेत ऐकू न येणारा माणूस तसं सांगत नाही, नुसता मान हलवत बसतो.

पहिली तीन मिनिटं

तुमच्या आधी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ आणि तुमचा परिचय असं सगळं होऊन पंचवीस मिनिटं गेलेली असतात. लोक त्या पंचवीस मिनिटांचा राग तुमच्यावर काढायला मोकळे असतात. अशा वेळी व्यासपीठावरच्या सात जणांची नावं तुम्ही पुन्हा घेऊ नका. सूत्रसंचालकाने ती दोनदा घेतलेली आहेत. "अध्यक्ष आणि मंडळी, नमस्कार," एवढं पुरे. "मला दिलेला वेळ फार कमी आहे", "मी काही वक्ता नाही", "आपल्यासारख्या जाणकारांपुढे मी काय बोलणार" ही वाक्यं लोकांनी इतकी ऐकली आहेत की त्यांच्या कानांना ती पंख्याच्या घरघरीसारखी झाली आहेत.

विक्रोळीला मी म्हटलं, "मगाशी मला कुणीतरी विचारलं, मृत्युपत्र केलं की माणूस लवकर जातो का?" हॉलभर खसखस पिकली. ज्या हशात 'माझ्याही मनात तेच होतं' असतं, तो हशा विनोदाच्या हशापेक्षा वेगळा ऐकू येतो, जरा खालच्या पट्टीत. मग लगेच कामाचं सांगून टाकलं: मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्पपेपर लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. अनेक वक्ते असा ऐवज शेवटासाठी राखून ठेवतात. मुंबईत ते परवडत नाही. ज्याला अर्ध्यातून उठून गाडी पकडायची आहे, त्याच्या पदरात तीन मिनिटांत काहीतरी पडलं पाहिजे. गंमत म्हणजे असं मिळालं की तोच माणूस पुढची गाडी बघतो.

समोरचं वाचायचं कसं

मी हॉलचे मनातल्या मनात चार भाग करतो आणि प्रत्येक भागातला एक चेहरा धरतो. एक पूर्ण वाक्य एका चेहऱ्याला सांगायचं, मग दुसरीकडे जायचं. टेबलफॅनसारखी मान फिरवत बोललं की कुणाशीच बोलणं होत नाही.

खुणा शिकता येतात. पायाजवळची पिशवी मांडीवर आली की समजा, गाडीची वेळ झाली. अशी एक पिशवी उचलली गेली तर चालू ठेवा. तीन उचलल्या गेल्या तर मुद्दा पुरा करून पुढचा सोडा. वही-पेन बाहेर निघालं की वेग कमी करा आणि आकडा दोनदा सांगा. एरवी माझा वेग मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आसपास असतो, लिहिणाऱ्यांसाठी तो निम्म्यावर आणतो. मोबाइल शूटिंगसाठी वर आला तर कुणाच्या घरची गोष्ट सांगू नका, अगदी नाव न घेताही. ती संध्याकाळपर्यंत त्याच घरच्या फॅमिली ग्रुपवर पोचलेली असते.

कुजबूज दोन प्रकारची असते. एखाद्या उदाहरणानंतर नवरा-बायको एकमेकांकडे झुकले, तर ते त्यांच्या घराबद्दल बोलताहेत. त्यांना पाच-सात सेकंद द्या. तुमचं भाषण तिथेच कामाला लागलेलं आहे, तुम्ही मध्ये पडू नका. कुजबूज या रांगेतून त्या रांगेत जायला लागली तर मात्र तुम्ही हातचे गेलात.

डोळे मिटलेल्या आजोबांवर कोटी करू नका. ते बहुधा ऐकत असतात. हाताची घडी घालून, ओठ आवळून बसलेला एक जण प्रत्येक सभेत असतो, साधारण तिसऱ्या रांगेत. त्याला हसवायच्या नादात मी कितीतरी सभा वाया घालवल्या. सोडून द्या त्याला. शेवटी सगळ्यात नेमका प्रश्न पुष्कळदा तोच विचारतो.

हॉल हातातून निसटलाच, तर आवाज चढवू नका आणि "जरा शांत बसा" तर मुळीच म्हणू नका. थांबा, घोटभर पाणी प्या, आणि हात वर करून उत्तर देता येईल असा सोपा प्रश्न विचारा. माझा ठरलेला आहे: "सोसायटीत नॉमिनेशनचा फॉर्म कुणी कुणी भरलाय?" बरेच हात वर येतात. "आणि नॉमिनी म्हणजे फ्लॅटचा मालक, असं किती जणांना वाटतं?" हात अर्धवट वर येतात, लोक शेजाऱ्याकडे बघतात. मग सांगायचं, की नॉमिनी आपोआप मालक होत नाही. लोक पुन्हा तुमच्याकडे वळतात, कारण आता प्रश्न त्यांच्या घराचा झालेला असतो.

एक चूक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी एक विनोद करायचो: मुलगा अमेरिकेत, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवतो, बाबांचा नाही, मृत्युपत्राचा. हमखास टाळी. एका सभेत सगळे हसले आणि चौथ्या रांगेतले एक काका उठून बाहेर गेले. सभा संपल्यावर ते रिक्षा स्टँडवर भेटले. शेजारी उभ्या त्यांच्या स्नेह्यांकडून नंतर कळलं, की काकू गेल्या तेव्हा मुलगा आला नव्हता. काका स्वतः काहीच बोलले नाहीत. "पाणी प्यायला उठलो होतो," एवढंच म्हणाले आणि मला आधी रिक्षात बसवलं. त्यानंतर विनोद करायचा तर तो स्वतःवर किंवा बँकेवर. मुलं, सुना, गाव, जात, बोली यांवर नाही. हशा शंभर जणांकडून मिळतो, पण दुखावलेला एक जण कोण ते तुम्हाला व्यासपीठावरून दिसत नाही.

बुवांकडून घ्यायची गोष्ट

नारदीय कीर्तनाची बांधणी बघा. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि दोन्हींच्या मध्ये नामाचा गजर. बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, आणि इतका वेळ नुसतं ऐकणारी मंडळी टाळ्या वाजवत स्वतःच्या आवाजात गातात. बुवांच्या गळ्याला तेवढाच विसावा, आणि लोकांनाही कळतं की ही सभा आपलीही आहे. चाळीस मिनिटांच्या भाषणात वीस-बाविसाव्या मिनिटाला मी अशी जागा ठेवतो. गजर अर्थातच नाही. "शेजारच्याला एक मिनिट सांगा, तुमच्या घराची कागदपत्रं कुठे ठेवली आहेत ते कुणाकुणाला माहीत आहे." एकदम कलकल होते, काही जण चेहरा पाडून बसतात, काही हसतात. मिनिटाचं दीड मिनिट होतं. पण त्यानंतर जी शांतता मिळते ती मागून मिळत नाही.

मैदानातली गोष्ट वेगळी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांनी शिवाजी पार्क गाजवलं, तिथे मागच्या माणसाला चेहरा दिसणार नव्हता. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे भोंग्यापासून 170 मीटरवर उभ्या असलेल्याला शब्द अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो, त्यात इमारतींवरून आलेला प्रतिध्वनी मिसळतो. म्हणून मैदानात छोटं वाक्य, मग थांबा, मग पुढचं छोटं वाक्य. तीच लय पन्नास माणसांच्या हॉलमध्ये लावली तर निवडणुकीला उभे आहात असं वाटतं. नव्या वक्त्यांची ही चूक फार दिसते, मोबाइलवर मोठ्या सभा बघून बघून.

कुणाला काय म्हणावं

'तुम्ही' कधीच चुकत नाही. 'आपण' जपून वापरा. "आपण सगळेच चुकतो" यात तुम्ही स्वतः असाल तर ठीक, नसाल तर लोकांना ते शिक्षकाचं 'आपण' वाटतं. कॉलेजच्या मुलांना 'बाळांनो' म्हटलंत की संपलं. 'मंडळी' सगळीकडे चालतं. भांडुपला मालवणी किंवा उरण-पनवेलकडच्या मंडळींपुढे आगरी बोलून दाखवायचा मोह होतो. तुमच्या घरची ती बोली नसेल तर आवरा. शब्द मात्र लोकांचे घ्या. 'नामनिर्देशित व्यक्ती' म्हटलं की डोळे मिटतात, 'नॉमिनी' म्हटलं की उघडतात.

पार्ल्याला लोकमान्य सेवा संघासारख्या 1923 पासून चाललेल्या संस्थांच्या परिसरात श्रोत्याने तुमच्या आधी शंभर वक्ते ऐकलेले असतात. तिथे सन चुकलं की पहिल्या रांगेतून दुरुस्ती येते. ती हसून घ्यावी आणि माईकवर पुन्हा बरोबर सांगावी. वाद घातलात तर हॉल त्या आजोबांच्या बाजूने जातो, आणि ते योग्यच आहे.

प्रश्नोत्तरं

चिठ्ठ्या आणि तोंडी, दोन्ही ठेवा. बायका आणि धाकटे भाऊ चिठ्ठीवर जे विचारतात ते उभं राहून कधीच विचारणार नाहीत. तोंडी प्रश्न आला की तो माईकवर पुन्हा म्हणा. मागच्यांना ऐकू जातो, आणि "असंच विचारायचं होतं ना?" म्हटल्यावर विचारणाऱ्याला आपलं ऐकलं गेल्याचं कळतं. पाच मिनिटांचा प्रश्न विचारणारा भेटला तर त्याने श्वास घेतला की त्याचं एक वाक्य उचलून त्यावरच उत्तर द्या. कुणी घरचं भांडण मांडायला लागलं तर "हे आपण नंतर बसून बोलू" म्हणा आणि नंतर खरंच बसा. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा आणि आयोजकांकडे दोन दिवसांत कळवा. न कळवलंत तर पुढच्या वक्त्याचंही कुणी खरं मानत नाही.

घड्याळ

ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी थांबा. "शेवटचा मुद्दा" एकदाच म्हणा. उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम आहे. पावणेदहाला तुमच्या हातात माईक असेल तर आयोजकांचा जीव टांगणीला लागतो आणि त्यांची तगमग श्रोत्यांना दिसते.

मानधनाचं आणि रिक्षाभाड्याचं आधी फोनवरच स्पष्ट बोलून ठेवा, म्हणजे सभा संपल्यावर पाकिटासाठी आत जावं लागत नाही. तेव्हा तुम्ही व्यासपीठाखाली असायला हवं, खुर्च्या उचलल्या जातात तिथे. खरे प्रश्न तिथेच येतात, अर्ध्या आवाजात.

विक्रोळीला त्या आजी सगळे पांगल्यावर आल्या. मैत्रीण आलीच नव्हती, खुर्चीवरचा हातरुमाल घडी करून पिशवीत ठेवत होत्या. म्हणाल्या, "तिलाच ऐकवायचं होतं हो. माझं काय, माझ्याकडे आहेच काय." मी निमंत्रणपत्रिका उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: साधा कागद. तारीख. सही. दोन साक्षीदार. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "खाली तुमचा नंबर?"